सातिवलीची उलटी लाट

डेल्फिन जिना चढून वर आली आणि त्याच क्षणी पंखा बंद पडला. फर्डिनंड तुस्कानोने विजेच्या नावाने बोटं मोडली. पारनाक्यावरच्या एका बेकरीच्या माळ्यावर आशालता सावे यांचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. खालून भट्टीची धग, वर तापलेला पत्रा, आणि भारनियमन तर ठरल्या वेळी यायचंच. दोन हजार तीनचा नोव्हेंबर लागला होता, पण उकाड्याला त्याची खबर नव्हती.

फर्डिनंड शाळेतून चित्रकलेचा मास्तर म्हणून निवृत्त झाला होता. आशालताबाई पूर्वी विमा कंपनीसाठी आगी आणि अपघात तपासायच्या, आता लोकांसाठी तपासायच्या. विचार त्यांनी करायचा, स्कूटर याने चालवायची आणि जागेची रेखाटनं काढायची, अशी वाटणी होती. बाईंच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं, याचा त्याला मनस्वी राग होता.

डेल्फिन त्याची जुनी विद्यार्थिनी, भुईगावची. आता इंजिनियर होती. ती खुर्चीवर बसायच्या आधीच बोलू लागली.

"सर, माझ्यामुळे एक माणूस भाजला. निदान सगळे तसं म्हणतात. ते खरं आहे का, एवढंच मला कळायला हवंय."

बाईंनी तिला पाणी दिलं आणि पहिल्यापासून सांगायला लावलं. सातिवलीला परेशभाईंचा तांब्याची तार ओढायचा कारखाना होता. तिथल्या मोठ्या मोटारींचा वेग इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर सांभाळायचे, आणि हेच कन्व्हर्टर सगळ्या विजेची नासाडी करायचे. डेल्फिनने त्यावर एक यंत्र बनवलं होतं. शनिवारी, मोठ्या गिऱ्हाइकांसमोर ते पहिल्यांदा सुरू केलं, आणि बघता बघता शेजारच्या पॅनेलमधले कपॅसिटर फुटले. ऑपरेटर आत्माराम जवळच उभा होता. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

नासाडी म्हणजे काय, हे फर्डिनंडला कळेना. वायरीतून वीज येते, मोटार फिरते, त्यात नासायचं काय? डेल्फिनने त्याचीच पेन्सिल घेऊन कागदावर एक गोलाईदार लाट काढली.

"वीज अशी यायला हवी. पण कन्व्हर्टर ती घोटभर घोटभर न घेता लचके तोडून घेतो. मग लाट अशी खडबडीत होते." तिने लाटेवर दाते काढले. "या दात्यांना हार्मोनिक म्हणतात. त्यांनी ट्रान्सफॉर्मर तापतात, कपॅसिटर फुगतात. जुना उपाय म्हणजे मोठी कॉइल आणि कपॅसिटर लावायचे, जमेल तेवढे दाते ते गिळतात. माझं यंत्र गिळत नाही. ते दाता बघतं, पुढच्या क्षणी कसा दाता येणार याचं गणित आधीच मांडतं आणि बरोबर त्याच्या उलटा दाता लाइनीत सोडतं. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, लाट पुन्हा गोल."

"आणि बघतं कशाने?" बाईंनी विचारलं.

"तांब्याच्या पट्टीभोवती एक रिंग बसवतो, कडी उघडून बसवायची असते. तीच त्याचे डोळे. रिंगेच्या तळाला बाण असतो, करंट त्या दिशेने जायला हवा. स्फोटानंतर पाहिलं तर बाण उलटा होता. रिंग उलटी असली की यंत्राला सगळंच उलटं दिसतं. मग ते दाते खोडायच्या ऐवजी दुप्पट करतं."

रिंग तिनेच बसवली होती, दसऱ्याच्या आधी, अंगात ताप असताना. बाण कसा होता ते तिला अजिबात आठवत नव्हतं. चाचणीच्या सकाळी वायरींच्या स्क्रूंवरची सीलं तेवढी तिने तपासली. ती शाबूत होती, म्हणून खाली वाकून बाण पाहिला नाही. सील म्हणजे तिच्या चुलत बहिणीचं जांभळं नेलपॉलिश. स्क्रू फिरवला की ते तडकतं.

फॅक्टरी इन्स्पेक्टर सोमवारी येणार होते. चूक माझीच, असं त्याआधी लिहून दे, म्हणून परेशभाई मागे लागले होते. शेजारच्या गाळ्यात कॉइलचं वर्कशॉप असलेले हिलरी अंकलही तेच म्हणत होते. हिलरी मचाडो हे डेल्फिनचे धर्मपिता. बाप्तिस्म्याला त्यांनीच तिला हातात धरलं होतं, इंजिनियरिंगला त्यांनीच पाठवलं होतं, हे कामही त्यांच्याच ओळखीने मिळालं होतं.

"चूक कोणाकडूनही होते बाय, सही कर आणि मोकळी हो, म्हणतात. मी करीनही. पण आत्मारामची बायको, मीराताई, हिने मला दारातून परत पाठवलं. तिच्यापुढे जाऊन मी काय सांगू? मी केलं म्हणू, की नाही म्हणू? मला स्वतःलाच ठाऊक नाही."

ती रडली नाही. रडली असती तर फर्डिनंडला बरं वाटलं असतं.

सातिवलीला जायचं म्हणजे आधी पूल ओलांडायचा, मग ट्रकांच्या मागून धूळ खात, खड्डे चुकवत स्कूटर हाकायची. गाळ्यापाशी पोचेपर्यंत फर्डिनंडचा पांढरा शर्ट तपकिरी झाला होता आणि मेंदूही बहुतेक त्याच रंगाचा झाला होता.

परेशभाई हात जोडूनच भेटले. गिऱ्हाइकं पळाली, आत्मारामचा दवाखाना चालू आहे, मशीन थंड पडलंय. त्यांना मुलीचा राग नव्हता, पण कोणीतरी जबाबदारी घ्यायला हवी होती. बाईंनी रिंगेबद्दल विचारलं तर त्यांनी भलत्याच यंत्राकडे बोट दाखवलं. ती चपटी पेटी आहे, रिंग नाही, हे फर्डिनंडलाही कळत होतं.

वायरमन सिद्धेश नायगावहून यायचा. त्याचं डेल्फिनशी पटत नव्हतं आणि ते तो लपवतही नव्हता.

"मॅडमना वाटतं आपल्याला काहीच समजत नाय. माझ्या पॅनेलला हात लावू नको, म्हणे. अरे, ते पॅनेल मी रोज पुसतो." पॅनेलरूममध्ये देवाचा फोटो होता, त्याला रोज अगरबत्ती तोच लावायचा. फोटोखालच्या फळीवर हळद आणि कुंकवाच्या पुड्या होत्या. खोलीची चावी मीटरच्या पेटीवर ठेवलेली असते, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. शुक्रवारी मात्र तो सातिवलीला फिरकत नसे. या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी, त्या दिवशी लाइनच बंद. सिद्धेश नायगावला क्रिकेट खेळायचा.

बाईंनी पॅनेल उघडायला लावलं. अपघातापासून ते बंदच होतं. फर्डिनंडने वही काढली आणि रंगीत पेन्सिली काढल्या. त्याला त्या यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण समोर दिसेल ते तो बिनचूक उतरवायचा. खंडेनवमीला कारखान्यातल्या झाडून सगळ्या यंत्रांची पूजा झालेली होती. दरवाजावर, मीटरवर, कन्व्हर्टरच्या पेट्यांवर, प्रत्येकावर हळदीचा ठिपका आणि त्यावर कुंकवाचा. रिंगेवरही पुढच्या बाजूला लाल ठिपका होता. आतली वायरिंग पाहून मात्र तो मनात म्हणाला, शाळेत या पोरीच्या रेषा अशाच होत्या. सगळ्या वायरी एकमेकींना समांतर, वेणीसारख्या चापूनचोपून. रिंगेच्या तळाशी स्क्रूंवर जांभळं नेलपॉलिश होतं आणि तिथून निघालेल्या दोन वायरी एकीवर एक चढून खाली गेल्या होत्या. त्याने त्या तशाच काढल्या.

रिंगेच्या मागे पॅनेलचा पत्रा होता, जेमतेम चार बोटं अंतरावर. बाईंनी पर्समधला छोटा आरसा त्या फटीत धरला, बराच वेळ बघितलं आणि आरसा परत ठेवून दिला. मग बोट ओलं करून रिंगेवरच्या पुढच्या ठिपक्यावरून फिरवलं. फर्डिनंडने विचारलं काय, तर म्हणाल्या, बोट बघत होते. आता या उत्तराचं माणसाने करायचं काय?

शेवटी शेजारचा गाळा. हिलरी मचाडो साठीच्या पुढचे, ताठ, बोलायला गोड. वर्कशॉपमध्ये वार्निशचा वास इतका की डोळे चुरचुरत होते. लाल वार्निशमध्ये बुडवलेल्या कॉइली तारेवर वाळत टांगल्या होत्या आणि हिलरींची नखंही त्याच रंगाने माखलेली होती. त्यांनी फर्डिनंडसाठी चहा मागवला, चर्चच्या गायनमंडळातल्या जुन्या ओळखी काढल्या. डेल्फिनचं नाव निघालं तेव्हा त्यांनी हातातली कॉइल खाली ठेवली.

"पोर हुशार आहे. घाई नडली. मी दवाखान्यात जाऊन आलो, आत्मारामला शहाळं देऊन आलो. आमची वीस वर्षांची ओळख. खंडेनवमीला इथला नारळ दरवर्षी मीच फोडतो, सगळ्यात म्हातारा म्हणून."

बाईंनी विचारलं, धंदा कसा आहे? ते हसले. या गल्लीत ज्याच्याकडे कन्व्हर्टर आहे त्याच्याकडे माझी कॉइल आहे, म्हणाले. कॉइल हाताने गुंडाळायची असते, तिला वीज लागत नाही, म्हणून शुक्रवारी सगळं बंद असलं की त्यांना फार बरं वाटे. गोंगाट नाही, कोणी येत नाही.

गल्लीच्या तोंडाशी वॉचमन होता. दसऱ्यानंतर सुट्टीच्या दिवशी बाहेरचं कोणी आलं होतं का, असं बाईंनी विचारलं. कोणी बाहेरचा आला नाही, असं त्याने ठासून सांगितलं. फर्डिनंडला वाटलं, झालं, दारच बंद झालं. बाहेरून कोणी आलं नाही, सीलं शाबूत, बाण उलटा. म्हणजे पोरीनेच तापात रिंग उलटी बसवली. घरी परतताना त्याला इतकं वाईट वाटत होतं की पुलावर एका रिक्षावाल्याशी तो विनाकारण भांडला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याची रेखाटनं टेबलावर पसरली.

"फर्डिनंड, सगळ्या ठिकाणी तुम्ही पिवळं आणि त्यावर लाल काढलंय. रिंगेवर नुसतं लाल. पिवळी पेन्सिल संपली होती?"

तो दुखावला. "जे दिसलं ते काढलं. तिथे पिवळं नव्हतं."

"आणि या दोन वायरी एकमेकींवर का?"

"त्या होत्याच तशा. मी काय मनाने घालतोय का त्यात?"

"तुम्ही मनाचं काही घालत नाही, तेच फार आहे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी डेल्फिनला फोन लावला आणि उद्या शुक्रवारी पॅनेलरूममध्ये सगळ्यांना बोलवायला सांगितलं. फर्डिनंडला काहीही सांगितलं नाही. तो दिवसभर कुढत बसला.

शुक्रवारी सातिवली ओळखू येत नव्हती. ना यंत्रांची धडधड, ना ट्रक. पॅनेलरूमच्या उघड्या दारातून ऊन आत आलं होतं. परेशभाई, सिद्धेश, हिलरी आणि डेल्फिन अर्धवर्तुळात उभे होते. डेल्फिनच्या हातात सहीचा कागद घडी करून धरलेला होता.

"डेल्फिनवर आरोप एकच आहे," आशालताबाईंनी सुरुवात केली, "की रिंग पहिल्यापासून उलटी होती. आता हा आरसा घ्या आणि रिंगेची मागची बाजू बघा. परेशभाई, आधी तुम्ही."

परेशभाईंनी वाकून पाहिलं. "इथे पण टिळा आहे. हळद आणि कुंकू."

"पत्रा चार बोटांवर आहे. मागे बोट घालून हळदीवर नीट कुंकू लावणं कोणालाही शक्य नाही. आणि पूजा करणारा मागच्या बाजूला टिळा लावेल कशाला? तो समोरच लावतो. म्हणजे आज जी बाजू मागे आहे, ती खंडेनवमीला पुढे होती. त्या दिवशी रिंग सुलटी होती आणि बाण बरोबर होता. डेल्फिनने ती बरोबरच बसवली होती."

डेल्फिनने भिंतीला हात टेकला. फर्डिनंडच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि लगेच त्याला स्वतःचा राग आला. आरसा आपणही मागू शकलो असतो.

"पूजेनंतर कोणीतरी रिंग फिरवली," बाई पुढे म्हणाल्या. "वायरींची अदलाबदल करणं सोपं होतं, पण स्क्रू फिरवला असता तर नेलपॉलिश तडकलं असतं, आणि त्या रंगाची बाटली त्याच्याकडे नव्हती. म्हणून त्याने स्क्रूंना हात न लावता रिंगेची कडी उघडली, अख्खी रिंग फिरवली आणि पुन्हा बंद केली. त्यामुळे तळाचे स्क्रू डावीउजवीकडे झाले आणि दोन वायरी एकमेकींवर चढल्या. बाकी पॅनेलमध्ये अशी एक तरी वायर दाखवा. फर्डिनंडनी त्या तशाच कागदावर काढल्या म्हणून माझ्या लक्षात आलं."

सिद्धेशने आत डोकावून पाहिलं आणि मान हलवली.

"चालू लाइनीत या पट्ट्यांमध्ये हात घालायला कोणी धजणार नाही. म्हणजे हे काम शुक्रवारचं. वॉचमन म्हणतो, बाहेरचं कोणी आलं नाही. खरं आहे. दर शुक्रवारी येणाऱ्याला तो बाहेरचा कसा म्हणेल?"

हिलरींनी खिशातून रुमाल काढला.

"रिंग फिरवल्यावर त्याच्या ध्यानात आलं की टिळा मागे गेला. सगळीकडे टिळा आणि रिंग कोरी, हे दुसऱ्या दिवशी सिद्धेशच्या नजरेत भरलं असतं. म्हणून त्याने पुढे नवा ठिपका लावला. हा ठिपका ओल्या बोटाने पुसला जात नाही, सुटतही नाही. हे कुंकू नाही. सिद्धेशने केलं असतं तर त्याला पुड्या कुठे आहेत ते ठाऊक होतं, त्याने हळदीसकट लावला असता. परेशभाईंना रिंग कोणती तेच माहीत नाही. हा ठिपका कॉइलच्या लाल वार्निशचा आहे. ज्याची बोटं कायम त्यात बुडालेली असतात, त्याला दुसरं काही शोधावं लागलं नाही."

सगळ्यांनी हिलरींच्या हातांकडे पाहिलं. त्यांनी ते रुमालात गुंडाळायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

"यंत्र आपोआप बंद पडेल असं वाटलं मला," ते हळू आवाजात म्हणाले. "गिऱ्हाइकांसमोर नुसतं बंद पडेल. ती दोन वर्षं खपेल, पुन्हा करेल, तोवर माझं वय झालेलं असेल. तिचं यंत्र चाललं असतं तर या गल्लीत एकही कॉइल विकली गेली नसती. चाळीस वर्षं मी दुसरं काही केलं नाही, बाय. आत्माराम तिथे उभा राहील असं मनातसुद्धा आलं नव्हतं."

डेल्फिन त्यांच्याकडे बघत होती. तिचा आवाज अगदी साधा होता.

"ते मला कळतं, अंकल. कॉइलचं मला कळतं. पण त्या रात्री मी तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून विचारलं, हे माझ्या हातून झालं का? तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही म्हणालात, चूक कोणाकडूनही होते."

परेशभाईंनी डेल्फिनच्या हातातला कागद घेतला आणि फाडून टाकला. सोमवारी इन्स्पेक्टरांना सगळं सांगू, म्हणाले. बाईंनी तिला बाजूला घेतलं. बाण बघायला हवा होता, तेवढं मात्र तुझं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. डेल्फिन म्हणाली, हो, ते मी सांगणार आहे. मग ती हिलरींसमोर जाऊन उभी राहिली.

"बोळिंजला चला, आत्मारामच्या घरी. मीराताईला तुम्ही सांगायचं. मी बाजूला उभी राहीन."

परेशभाईंची गाडी होती, पण हिलरी तिच्यात बसायला तयार होईनात. शेवटी बाई आणि डेल्फिन गाडीतून निघाल्या आणि हिलरी फर्डिनंडच्या स्कूटरवर मागे बसले. आख्ख्या रस्त्यात फर्डिनंडला वाटत होतं, याला खाडकन चार शब्द सुनवावेत, पण पाठीमागे म्हाताऱ्याने सीटची कडा घट्ट धरली होती आणि शब्द काही सुचत नव्हते. शाळेत कॉपी करणाऱ्या पोरांनासुद्धा त्याला कधी धड रागावता आलं नव्हतं.

आत्माराम दुसऱ्या मजल्यावर राहायचा. मीराने दार अर्धंच उघडलं. डेल्फिन दिसताच तिने ते पुन्हा लोटायला घेतलं.

"वहिनी, थांबा," हिलरी म्हणाले, आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी सांगितलं. रिंग, शुक्रवार, वार्निश, सगळं. सांगताना ते एकदाही थांबले नाहीत, जणू थांबलो तर पुढे बोलताच येणार नाही अशी भीती वाटत होती. डेल्फिनने मध्येच एवढंच म्हटलं की बाण बघायचा राहिला, ते माझं. आतून बँडेज बांधलेले हात पुढे धरून आत्माराम आला आणि बायकोच्या मागे उभा राहून ऐकू लागला.

मीरा हिलरींकडे वळली.

"तुम्ही दवाखान्यात आलात," ती म्हणाली. "शहाळं आणलंत. ह्यांचे हात बांधलेले, म्हणून स्वतःच्या हाताने पाजलंत ह्यांना. आणि मी तुमच्या पाया पडले."

हिलरींनी मान खाली घातली. मीराने दार पूर्ण उघडलं, पण त्यांच्यासाठी नाही. तिने डेल्फिनचं मनगट धरलं.

"तू आत ये. त्यांना बाहेरच राहू दे."

आशालताबाईही आत गेल्या. दार लागलं. फर्डिनंडला आत जायचं होतं. तहान लागली होती आणि त्या माणसाबरोबर क्षणभरही उभं राहायची इच्छा नव्हती. हिलरी जिन्याच्या पायरीवर खाली बसले आणि आपली लाल नखं बघत राहिले. कोणीतरी त्यांच्याजवळ थांबायला हवं होतं. ते आपल्याच नशिबी यावं याचा फर्डिनंडला भयंकर राग आला, आणि तो त्यांच्या शेजारी बसला.